दक्षिणेकडे तोंड

मोहरीचा एक दाणा उजव्या अंगठ्याच्या नखाखाली जाऊन बसला होता, आणि गेन्शुन तो काढत नव्हता. सुपात मोहरी पाखडताना कधीतरी आत शिरला असावा. नख दाबले की ठसठसत होते, सोडले की थांबत होते... दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. एवढ्याशा दाण्यात दुखवण्याची इतकी ताकद आहे याचे त्याला बरे वाटले. आज अमावास्या. धुके सकाळपासून डोंगरावरून हलले नव्हते, देवदारांच्या शेंड्यांवरून पाणी ठिबकत होते, आणि त्या धुक्याच्या पोटात, दोन खोल्यांच्या आश्रमात, साठीला टेकलेला एक भिक्षू मोहरी निवडत बसला होता, ती एका माणसाला मारण्यासाठी.

मारण्यासाठी — हा शब्द तो मनातल्या मनात सरळ उच्चारत असे. बाकीचे आचार्य 'शत्रुदमन' म्हणत, 'विघ्ननाश' म्हणत. सरदारांची माणसे तांदळाची पोती घेऊन डोंगर चढून येत आणि मान खाली घालून 'अमुक एकाचा त्रास शांत व्हावा' असे पुटपुटत. गेन्शुनला ही सोंगे आवडत नसत. कुंड त्रिकोणी असते, वस्त्र काळे असते, समिधा काटेरी आणि कडू झाडाच्या असतात, तोंड दक्षिणेकडे असते — कशासाठी असते हे सगळे? हात मुद्रेत बांधलेले, तोंडात मंत्र, आणि मनात त्या माणसाचा चेहरा. देह, वाणी आणि मन तिन्ही एका सुईत ओवले गेले, की ज्वाळांत बसलेला उग्र देव, अचलनाथ, आपला पाश फेकतो. एक जरी धागा सुटला तरी राहतो तो नुसता धूर.

त्याच्या मनातला चेहरा शोईनचा होता. दुसरा कधी नव्हताच. लोकांसाठी केलेल्या होमांतसुद्धा, त्यांनी सांगितलेल्या नावाच्या पाठीमागे, तो हळूच शोईनला बसवून द्यायचा.

गंमत अशी की इतक्या वर्षांत शोईनचे वाकडे काही झाले नाही. उलट गेन्शुनने इकडे अग्नी पेटवावा आणि तिकडे शोईनने एक पायरी चढावी, असेच चालत आले. मठाचा प्रमुख झाला. राजधानीत गेला. दुष्काळात त्याने प्रार्थना केली आणि पाऊस पडला म्हणे — पडायचाच होता तो, ढग आलेलेच होते... राजकन्येच्या बाळंतपणात त्याने रात्रभर मंत्र म्हटले. दरबारकडून मानाचे जांभळे वस्त्र मिळाले. एखादा वाटसरू ओसरीवर टेकायचा, गार पाणी प्यायचा आणि सहज सांगून जायचा, आणि गेन्शुन म्हणायचा, "हो का, बरं झालं," आणि पुढच्या अमावास्येला मोहरी थोडी जास्त घ्यायचा.

"आहे का कुणी आत? की मी धुक्याशीच बोलतेय?"

बाईचा आवाज, दमलेला. गेन्शुनने सूप बाजूला सरकवले. पायऱ्यांच्या तोंडाशी एक म्हातारी भिक्षुणी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. पाठीवर कापडाचे गाठोडे, गवताच्या चपला चिखलाने भरलेल्या.

"कोण?"

"ओळखलं नाहीस ना? चिसेन. शोईनची बहीण. जवाच्या वड्या घेऊन यायची मी, डोंगराच्या पायथ्याशी. बायकांना वर सोडत नव्हते, म्हणून तुम्ही दोघं खाली धावत यायचात. तुला तिसरी वडी हवी असायची आणि मागायची लाज वाटायची." मग तिने जीभ चावली. "चुकलं. आता तुम्हाला आचार्य म्हणायला हवं."

"ओसरीवर या, ताई," तो म्हणाला. 'ताई' हा शब्द कुठून आला ते त्याला कळले नाही. तो तोंडात तयारच होता, इतकी वर्षे न वापरलेला.

"या पायऱ्या कुणी बांधल्या? माकडांनी?" ती बसली, गुडघे चोळू लागली. "खाली नदीवर होडी उभी करून आलेय. होडीवाला सारखा म्हणत होता, म्हातारे, वर जाऊ नकोस, मी जातो. म्हटलं, हे काम तुझ्या हातचं नाही बाबा."

त्याने गरम पाणी दिले. ती फुंकर घालत प्यायली, आणि तो तिच्या कपाळाकडे बघत राहिला. शोईनचेच कपाळ, भुवयांच्या वर तशीच पसरट हाडे. हे कपाळ इथे, आपल्या ओसरीवर...

"शोईन आजारी आहे," ती म्हणाली. "पोटात काही ठरत नाही. भाताची पेज नाही, पाणी नाही. हातपाय असे झालेत, काटक्या. दरबारचे वैद्य झाले. मोठमोठ्या मठांचे आचार्य येऊन होम करून गेले. त्याला विचारलं, बरं वाटतं का रे, तर म्हणतो, डोळे चुरचुरतात. धूर नुसता, म्हणतो. म्हणतो, आमच्यात होमाचा खरा हात एकाचाच होता. गेन्शुनचा. त्याच्याकडे जा."

 गेन्शुनच्या आत कुठेतरी, बरगड्यांच्या खाली, काहीतरी उठून बसले. लागले! शेवटी लागले. इतकी वर्षे इथून फेकलेले दाणे कुठे तरी साचत गेले आणि त्याच्या पोटात जाऊन रुजले. त्याला आपल्या चेहऱ्याची भीती वाटली. त्याने तो चुलीकडे वळवला.

चिसेनने गाठोडे सोडले. आत घडी केलेले पांढरे आतले वस्त्र होते. "अंगातलं काढून दिलंय. धुतलेलं नाही, मुद्दाम. यावर शांतीचा होम करायचा, मंत्र घालायचे, आणि मी हे नेऊन परत त्याच्या अंगावर चढवायचं. होम होईपर्यंत बसते मी इथे. जेवण-बिवण काही नको मला."

त्याने वस्त्र हातात घेतले. जड वाटले. तिळाच्या तेलाचा, औषधी मुळ्यांचा आणि आजारी माणसाच्या घामाचा आंबूस वास... हे त्याच्याकडे कधीच नव्हते. नाव होते, चेहरा होता, पण मधे डोंगर होते, नद्या होत्या. आता शोईनने स्वतः अंगातले काढून पाठवले होते, स्वतःच्या बहिणीच्या हाती. गळा कापणाऱ्याच्या हातात मान द्यावी तसे. मूर्ख की काय हा? की इतका निर्धास्त? — मी त्याला काही करणार नाही, असे त्याने धरूनच चालावे, हाच तर अपमान.

"आणखी काही म्हणाला?"

"म्हणाला ना." तिने पेला खाली ठेवला. "तापात होता, पण बोलणं नीट होतं. म्हणाला, लोकांसाठी एवढे होम केले, त्यातलं काही माझ्या कामाला येईलसं वाटत नाही. एकच पुण्य माझं खरं आहे. गेन्शुनला मी त्याच्या आईकडे पाठवलं होतं. मी विचारलं, कधी रे हे? तर डोळे मिटून घेतले. काय झालं होतं तेव्हा?"

"काही नाही," गेन्शुन म्हणाला. "तुम्ही बसा. मी तयारी करतो."

पुण्य.

त्याने आतले दार ओढून घेतले आणि अंधारात उभा राहिला. पुण्य म्हणतो. त्या दिवशीसुद्धा असेच धुके होते, म्हातारे आचार्य दोनेन अंथरुणाला लागले होते, आणि सगळ्या मठाला ठाऊक होते की पानगळ संपायच्या आत ते वारसाचा अभिषेक करतील आणि तो गेन्शुनला करतील. शेवटची मुद्रा, शेवटचा मंत्र, जो एका तोंडातून एकाच कानात जातो. शोईन धावत आला होता. ओठ पांढरे पडलेले. 'खालच्या गावात तुमच्याकडचा मीठवाला भेटला. तुझी आई आजची उद्या नाही रे. जा. आचार्यांना मी सांगतो.' स्वतःच्या पायांतल्या चपला काढून दिल्या होत्या त्याने. गेन्शुनच्या तुटल्या होत्या. नवीन होत्या त्या... काय माणूस. पाठीत सुरा घालायचा आणि वर चपला द्यायच्या.

आणि आचार्यांना त्याने सांगितले ते एवढेच, की गेन्शुन न विचारता निघून गेला, मृत्यूच्या घरी गेला, विटाळून येईल. अभिषेकाला विटाळ चालत नाही. आचार्यांचा श्वास मोजका उरला होता, ते थांबू शकत नव्हते. गेन्शुन परतला तेव्हा त्यांची राखसुद्धा गार झाली होती, आणि शोईन त्यांच्या आसनावर बसून, अगदी स्वस्थ चेहऱ्याने, म्हणाला होता, 'आई बरी आहे ना? चांगलं झालं.'

तोच चेहरा. तो स्वस्थ चेहरा गेन्शुनने जपून ठेवला होता, काळ्या वस्त्राच्या घडीत ठेवावा तसा.

दोन कुंडे होती खोलीत. उत्तरेला शांतीचे गोल, दक्षिणेला त्रिकोणी. गोल कुंडाजवळ पांढरे वस्त्र टांगलेले होते. त्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. काळे अंगावर घेतले, दक्षिणेकडे तोंड करून बसला, शोईनचे वस्त्र समोरच्या पाटावर ठेवले, ओटीत मोहरी घेतली. बाहेर ती म्हातारी आपल्या भावाच्या आयुष्यासाठी माळ ओढत बसली आहे, या विचाराने त्याच्या हातांना एक विलक्षण स्थैर्य आले. अग्नी पेटला. काटेरी समिधा तडतडल्या. भिंतीवरच्या चित्रात अचलनाथ, एक सुळा वर, एक खाली, तलवार उजव्या हातात, पाश डाव्या हातात, धुरातून पुढे सरकल्यासारखा झाला.

बोटे मुद्रेत बसली. मंत्र सुरू झाला. आता चेहरा... शोईनचा चेहरा. ओठ पांढरे. 'तुझी आई आजची उद्या नाही रे.' इथेच थांबायचे. नेहमी तो इथेच थांबायचा. त्या खोट्या शब्दापाशी मन रोखून धरायचे, त्याच्यापुढे एक पाऊलही जाऊ द्यायचे नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याने तिथे एक दार बसवले होते आणि ते बाहेरून लावून घेतले होते. पण आज पुण्य हा शब्द त्या दारात अडकून राहिला होता, दार लागेना...

— आणि तो धावत होता, शोईनच्या नव्या चपलांत, डोंगरावरून खाली, नदीकाठाने, मुखात मृत्यूसमयीचे मंत्र घोकत. आणि किनारा आला, मिठाच्या भट्ट्यांचा धूर आला, आणि समुद्राच्या बाजूने एक बाई खांद्यावर खाऱ्या पाण्याची कावड घेऊन, डुलत डुलत, कुणावर तरी ओरडत चालत आली. ती त्याची आई होती.

'काय रे, काय झालं? कोण मेलं?'

'तू.'

'मला कुणी सांगितलं नाही बाई,' ती म्हणाली, आणि कावड खाली न ठेवता हसली, पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडले...

गेन्शुनने मंत्र मोठ्याने म्हटला. मोहरी टाकली. दाणे फुटले. चेहरा! शोईनचा चेहरा आण. आला — जांभळ्या वस्त्रातला, खोल गेलेल्या डोळ्यांचा, त्याने कधी न पाहिलेला. हा नको. तो स्वस्थ चेहरा हवा. 'आई बरी आहे ना?' — हो, बरी होती ना रे. मी तिथे राहिलो तेवढे दिवस रोज पहाटे मला हाक मारायची, भिक्षू असशील तुझ्या डोंगरावर, इथे कावड उचल, म्हणायची. मिठासाठी मी वाळूवर ते खारे पाणी शिंपडायचो, ऊन चढले की ती माझ्या बोडक्या डोक्याला फडके बांधायची, घट्ट, लहानपणी बांधायची तसे, आणि म्हणायची, डोक्यात एवढं शिकलेलं भरलंय, उन्हानं उतू जायचं. जवाची लापशी, समुद्रातली भाजी घालून. संध्याकाळी तिने माझ्या गळ्यातले अचलनाथाचे छोटे चित्र हातात घेतले, दिव्याजवळ नेले. 'तुमच्या या देवाला एवढा राग कसला रे आलाय?' मी सांगितले, आई, तो राग करुणेचा आहे; ज्यांना गोड बोलून कळत नाही त्यांच्यासाठी त्याने हे रूप घेतले आहे. ती बराच वेळ बघत राहिली. 'असं होय,' म्हणाली. 'म्हणजे मी तुझ्यावर रागवायचे, तसं.'

त्याच हिवाळ्यात ती गेली. खरोखर गेली. त्याला कळले तेव्हा वसंत आला होता.

बाहेरून चिसेनचा आवाज आला, "आचार्य, धूर कडू येतोय हो."

"लाकूड ओलं आहे," तो म्हणाला. मंत्र तुटला. पुन्हा धरला.

आणि तेव्हा त्याला कळले की शोईनने त्याला कुठे पकडले आहे. शोईनने जे केले ते अभिषेकासाठी केले होते, आईसाठी नाही. त्याला ती बाई ठाऊकसुद्धा नव्हती. तो खोटे बोलला. पण त्या खोट्यातून ते दिवस निघाले, आणि ते दिवस खरे होते, आयुष्यात दुसरे तसे दिवस नव्हते. मरणाच्या दारात पडल्या-पडल्या तो चोर त्या दिवसांवर हात ठेवून म्हणत होता, हे मी दिले. हे माझे. त्याच्या हातून ते काढून घ्यायचे कसे? एकच वाट होती. ते दिवस नव्हतेच, असे करायचे. त्यांत काही नव्हते, एक म्हातारी होती, मीठ होते, ऊन होते... सगळे अग्नीत घालायचे. मग त्याच्याजवळ पुण्य उरत नाही. मग तो नुसता चोर, आणि पाश त्याच्या गळ्यात बसतो, आज, आत्ता, या वस्त्रासकट.

घे, अचलनाथा. हेही घे.

त्याने पळी तेलाने भरून उचलली. ही शेवटची आहुती. पळीच्या टोकाशी तेलाचा थेंब लोंबकळत होता, त्यात ज्वाळा उलटी दिसत होती. मनात त्याने तो किनारा आणला, कावड आणली, डोक्याला फडके बांधणारी, मिठाने चिरलेली ती बोटे आणली. आता टाकायचे. बोटे कानांच्या मागे गाठ मारत होती. गाठ बसली की ती डोक्यावर एक चापट मारायची, झाले म्हणून... हात हलेना. त्याने हाताला हुकूम केला. शिव्या दिल्या. हा हात वर्षानुवर्षे याच क्षणासाठी तयार केलेला होता, आणि तो एखाद्या अडेल बैलासारखा मधेच उभा राहिला होता. खांदा भरून आला. तेल कलले, कुंडाच्या कडेवर सांडले, दगडावरून वाहत राखेत गेले. ज्वाळा खाली बसत गेल्या. अचलनाथ भिंतीवर परत गेला, नुसता काजळी धरलेला कागद.

तो किती वेळ बसला होता कोण जाणे. मग उठला, काळे वस्त्र उतरवले, शोईनच्या वस्त्राची घडी घातली. त्यावर ना शांतीचा मंत्र पडला होता ना मरणाचा. कडू लाकडाचा वास तेवढा लागला होता.

चिसेन उठून उभी राहिली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते, धुरानेच असावेत. "झालं?"

"झालं."

तिने वस्त्र छातीशी घेतले, हुंगले, तोंड थोडे वाकडे केले. "वाचेल ना तो?"

'वाचेल' म्हणावे की 'नाही', यांतले जे म्हणावे ते खोटे ठरले असते, आणि खोटे बोलण्याचा हक्क आपण शोईनला कधीच देऊन टाकला आहे असे त्याला वाटले. "पायऱ्या ओल्या आहेत, ताई," तो म्हणाला. "जपून उतरा."

"त्याला काही सांगू?"

त्याने तोंड उघडले. आत बरेच काही होते, इतक्या वर्षांचे, धार लावून ठेवलेले. त्यातले एकही ओठांपर्यंत येईना. त्याने नकारार्थी मान हलवली.

ती निघाली. धुक्यात चार पायऱ्यांखाली दिसेनाशी झाली, पण काठीचा आवाज येत राहिला. टक्... मग थांबणे... मग टक्. राग गेला नव्हता. गेन्शुनने आत चाचपून पाहिले. होता, जिथे होता तिथेच होता, निखाऱ्यासारखा. पण शोईन आज रात्री मेला तर तो ते दिवस उशाशी घेऊन मरेल, 'माझे' म्हणत, आणि मग कुणाशी भांडायचे? कुणाला सांगायचे की ते तुझे नव्हते, तू ते दिले नाहीस, तुला देता आले नसते... नाही. मरायचे नाही त्याने. इतक्यात नाही. हे वाक्य गेन्शुनच्या ओठांवर आले, त्याने ते पुटपुटले, पुन्हा पुटपुटले, आणि ते कोणत्या स्वरात निघते आहे हे त्याचे त्यालाच कळेना.

टक्... किती थांबते ही. अजून निम्मीही उतरली नसेल. होडीवाला तिथे असेल की नसेल, वारा उलटा असला तर राजधानीला पोहोचायला वेळ लागेल, तोवर तो उघडा अंथरुणावर पडलेला, काटक्यांसारखे हातपाय, अंगात आतले वस्त्र नाही आणि हे दिवस थंडीचे. भराभर चला ना ताई, असे त्याच्या मनात आले. तो ओसरीच्या कडेपर्यंत आला, खांब धरून उभा राहिला, आणि धुक्यातल्या त्या आवाजाकडे कान लावून, रागाने, अगदी जीव टाकून, वाट बघू लागला... पुढच्या पावलाची.